गुडघा सोडून सगळं

३ मार्च, मंगळवार

आज लिहायला बसले त्याला कारण धाकट्या जावेचा गुडघा. तिला नवा मिळाला. मला नाही.

एवढंच लिहून वही मिटणार होते. पण मग बोलायचं कुणाजवळ? ह्यांना सांगितलं तर म्हणतील, "अगं, तिचं दुखणं गेलं, आनंद मान." मानते की. तोंडाने कालपासून मानतेच आहे. शेजारच्या बाईंजवळ बोलले तर ते जिना चढून धाकटीच्या दारात पोचेल, तेही माझ्याआधी, कारण मला जिना चढायला वेळ लागतो. म्हणून ही वही. कॉलेज सुटल्यावर हिशेब आणि तासांच्या वेळा सोडून मी काही लिहिलेलं नाही.

मी गाडी चालवायला शिकवते. स्वतःची शाळा आहे. एक गाडी, एक शिक्षिका, ती मीच. शिकाऊच्या बाजूच्या सीटवर बसायचं. माझ्या पायाशी जादा ब्रेक असतो, शिकाऊ चुकला की मी दाबायचा. सगळी शाळा त्या एका ब्रेकवर उभी आहे आणि तो ब्रेक माझ्या उजव्या गुडघ्यावर. तो गुडघा चार वर्षं झिजतोय. सरकारी इस्पितळात नाव घातलंय. नंबर यायला अजून दहा महिने तरी, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने मान वर केली नव्हती.

धाकटीचा गुडघा दुखायला लागला गेल्या वर्षी. मी एकसष्टची, ती बावन्नची. तिच्या कंपनीचा आरोग्य विमा आहे. तिने फोन केला, कागद पाठवले, आठवड्याभरात ऑपरेशन! खासगी इस्पितळ. एकटीची खोली.

काल ऑपरेशनच्या वेळी बाहेर मीच बसले होते. भाऊजी नुसते फेऱ्या घालत होते. मोठी जाऊ म्हणून बसायला हवंच होतं. बसले.

४ मार्च, बुधवार

इस्पितळात जाऊन आले. खोली बघितली.

पलंगाला बटणं आहेत, दाबलं की पाठ वर येते. नर्स दारावर टकटक करून आत येते. पडदे नवे, कडा शिवलेल्या, मी उलटून बघितलं. मोठी खिडकी. खाली बाग, बागेत कुणी तरी हळू चालणारं. खिडकीसमोर सोफा, चांगला रुंद आणि उंच. मी त्यावर दोन तास बसले आणि उठताना कळ आली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण असा सोफा मी माझ्या पैशांनी कधी घेणार नाही.

सासूबाईंच्या शेवटच्या आजारात सरकारी वॉर्डात स्टूल होतं. बिनपाठीचं. तिसऱ्या दिवशी मी त्यावरून उठूच शकले नाही. एका वॉर्डबॉयने आणि दुसऱ्या रोग्याच्या जावयाने दोन्ही काखांत हात घालून मला उभं केलं, सगळ्यांसमोर, पोतं उभं करावं तसं. त्यानंतर मी सगळ्यांवर आठवडाभर चिडलेली होते. बरोबरच होतं.

धाकटी झोपाळलेली होती. म्हणाली, "ताई, नीट बसलात ना?"

नीट म्हणजे काय. राणीसारखी.

५ मार्च, गुरुवार

आजही गेले. ह्यांना वाटतं माया. "किती करतेस तिचं," म्हणाले. मी बघायला जाते. एखाद्याच्या ताटात काय काय वाढलंय ते वाकून बघावं तसं.

आज फिजिओवाली मुलगी आली. तिने धाकटीला उभं केलं आणि चालवलं. खाटेपासून दारापर्यंत. तिसऱ्याच दिवशी. मी टाळी वाजवली. पोटात दुखत होतं.

७ मार्च, शनिवार

ती घरी आली. दोघांनी धरून जिना चढवला. आम्ही तळमजल्यावर, ती दोघं दुसऱ्यावर. मी खालून "सावकाश, सावकाश" म्हणत होते. तेवढंच माझं काम.

१५ मार्च, रविवार

वर जाऊन गोड बोलून विचारलं, "तुझ्या कंपनीच्या विम्यात घरची माणसं कोण कोण बसतात गं?"

"नवरा, मुलं, आईवडील. सासूसासरेसुद्धा."

"आणि जाऊ?"

ती हसली. "ताई, जाऊ कुठल्या रकान्यातच नाही."

पंचवीस वर्षं एका जिन्याने वरखाली करतोय. तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी रजा घेतली होती. गाडी शिकवली मी. माझ्या हाताखाली पहिल्या फटक्यात पास झालेली आहे ती. पण कंपनीच्या लेखी मी तिची कुणी नाही.

निघताना म्हणाली, आता गुडघा बरा झाला की स्वतःची छोटी गाडी घेणार. पैसे साठवून झालेत. रंग ठरत नाहीय, पांढरी की राखाडी. म्हटलं, "पांढरीवर मळ दिसतो." राखाडीवरही दिसावा असं मनात होतं.

३० मार्च, सोमवार

पहाटेपासून वरच्या जिन्यावर पावलं. आधी एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर, मग काठी. आज काठीचा आवाज नव्हता.

ठरवलं. मीही विमा घेणार. लोक घेतात, मला काय धाड भरलीय?

४ एप्रिल, शनिवार

विमावाला येऊन गेला. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलताना पेनाने हवेत रेघा ओढतो.

"मॅडम, सगळं कव्हर होतं. हृदय, मूत्रपिंड, डोळे, अपघात..."

"गुडघा?"

"गुडघा सोडून."

"गुडघा सोडून माझं काहीच दुखत नाही."

"मग उत्तमच की. दुखत नसतं तेव्हाच विमा घ्यायचा असतो, मॅडम."

आतल्या खोलीत हे हसले. ऐकू आलं मला.

"सोडून म्हणजे कायमचा?"

"छे. तीन वर्षं. आधीपासूनचं दुखणं ना ते. तीन वर्षं हप्ते भरा, खंड पडू देऊ नका, मग गुडघाही आत येतो." मग आवाज उतरवून, "तसं गुडघ्याचं कुठे लिहून वगैरे आलंय का?"

"सरकारी इस्पितळात चार वर्षांचं लिहून आलंय."

"अच्छा. नाही, काही जण सांगत नाहीत, म्हणून विचारलं."

"आणि मग पुढे काय होतं त्यांचं?"

"बिल आलं की कंपनी जुने कागद शोधते. सापडलं तर पैसे नाहीत, विमाही रद्द."

"मग मला का विचारता?" शिकाऊने लाल दिव्यात गाडी घातली की ज्या आवाजात विचारते, त्याच आवाजात विचारलं. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला. दर आणि माहितीपुस्तक ठेवून गेला.

खोटं कशाला, एक क्षण माझ्याही मनात आलं होतं. ज्याच्या डोक्यावर सारखी जिन्यावरची पावलं वाजतात, त्याच्या मनात काय काय येतं.

५ एप्रिल, रविवार

पैशांत सांगितलं की मला डोक्यात शिरत नाही. शिकाऊंत सांगितलं की शिरतं. एक शिकाऊ म्हणजे पूर्ण कोर्सची फी.

माझा एकटीचा वर्षाचा हप्ता, अकरा शिकाऊ. साखर आहे म्हणून वर दोन. तेरा. वय वाढेल तसा तो वाढणार. शिवाय साठीनंतर विमा घेतला म्हणून प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा माझ्याच गळ्यात. म्हणजे तीन वर्षांत एकोणचाळीस शिकाऊ विम्याला द्यायचे, तोवर लंगडायचं, आणि मग गुडघा बसवताना पुन्हा पाचवा हिस्सा.

आणि आजच रोख मोजून खासगीत गुडघा बसवला तर? बेचाळीस शिकाऊ.

तहान लागल्यावर विहीर खणायला निघालं की खणणारा असाच भाव लावतो.

बेचाळीस शिकाऊ एकदम कुठून आणायचे? गाडी विकली तर येतील. पण मग नव्या गुडघ्याने दाबायचा कुठला ब्रेक?

धाकटीच्या पगारातून विम्याचं जे कापतात ते विचारून घेतलं होतं. वर्षाचा एक शिकाऊही होत नाही. अर्धवट शिकाऊ. गिअर न शिकलेला!

हे म्हणाले, "तू गुडघ्यासाठी विमा बघतेयस. विमा आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टीसाठी असतो. उद्या हृदय बंद पडलं तर?"

"बघू," म्हटलं. माझं इतक्यात बंद पडायचं नाही. आत चांगला जाळ आहे.

१२ एप्रिल, रविवार

धाकटी आज बिनकाठीची खाली आली. पायात नवे बूट. म्हणाली, "बघा ताई, मांडी सोडून सगळं जमतं." मी शेवटची मांडी घातलेली चार वर्षांपूर्वी.

२४ एप्रिल, शुक्रवार

आजचं आजच लिहून टाकते.

बँकेत काम करणारी शिकाऊ, मी तिला बँकवाली म्हणते, नववा तास. बाजाराच्या वळणावर एक म्हातारे गृहस्थ दोन पिशव्या घेऊन फुटपाथवरून खाली उतरले. मी म्हटलं, "ब्रेक." तिने घाबरून दुसरंच दाबलं. मी माझ्या पायाने दाबायला गेले आणि गुडघा मध्येच अडकला. पावसात फुगलेलं दार चौकटीत अडकावं तसा. पाय पुढे जाईना.

हँडब्रेक ओढला, दोन्ही हातांनी. गाडी गचके खाऊन बंद पडली. गृहस्थांच्या पिशवीला बंपर लागला. पिशवीलाच.

ते खिडकीपाशी आले. "शिकवणारी कोण आहे?"

"मी."

"मग शिकवा."

बँकवाली रडायला लागली. "मॅडम, माझी चूक झाली."

"तुझी झाली, ती व्हायचीच, म्हणून तर मी बाजूला बसते," म्हटलं. पुढचं बोलले नाही. गुडघा सुटल्यावर तिला बाजूला बसवून मीच गाडी घरी आणली. फाटकाशी उभी केली. कव्हर घातलं.

२५ एप्रिल, शनिवार

चौघा शिकाऊंना फोन केले. तास बंद. कधीपर्यंत? माहीत नाही.

कुणीही भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

२८ एप्रिल, मंगळवार

सरकारी इस्पितळात जाऊन विचारलं, लवकर होईल का. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "सगळ्यांनाच लवकर हवाय." माझ्यामागे रांगेत सगळे लंगडे होते. भांडायला तोंड नव्हतं.

३ मे, रविवार

धाकटी आली. बसली, उठली, पुन्हा बसली. बसण्या-उठण्याचा दिमाखच असतो तिचा आजकाल. मग म्हणाली, "ताई, डॉक्टरांनी मला गाडी चालवायला हो म्हटलंय. शनिवार-रविवार तुमचे शिकाऊ मी घेऊ का? प्रमाणपत्र आहे माझ्याकडे."

आहे. शाळा काढताना शिकवणाऱ्या दोघींची नावं लागत होती, म्हणून मीच तिला परीक्षेला बसवलं होतं. एक तासही शिकवलेला नाही तिने. नुसतं नाव.

म्हटलं, "तू तुझा पाचवा मजला सांभाळ." तिचं ऑफिस पाचव्या मजल्यावर आहे.

ती गेल्यावर ह्यांनी पेपर खाली केला. "एवढं तोडून कशाला बोललीस?"

"खरं ते बोलले."

"खरं बोलायला तुला नेहमी तिचाच कान बरा सापडतो."

आयत्या बिळावर नागोबा. आधी गुडघा झाला, खोली झाली. आता माझी सीट हवी. नव्या गुडघ्याने माझ्या ब्रेकवर पाय ठेवून बसायचंय तिला, आणि मी खिडकीतून बघायचं.

१० मे, रविवार

एक गोष्ट लक्षात आली. ती गाडीचं नाव काढत नाही. पांढरी नाही, राखाडी नाही. आज मी मुद्दाम विचारलं तर म्हणाली, "बघू हो, घाई काय आहे." आणि विषय बदलला.

मोठी घ्यायची ठरवली असणार. आम्हा तळमजल्यावरच्यांना एकदम चकित करायला.

१७ मे, रविवार

आज सगळं सविस्तर लिहायचं. जसं झालं तसं.

गाडी बंद, त्यामुळे सकाळी काम नाही. विमावाल्याने ठेवलेलं माहितीपुस्तक भिंग घेऊन वाचायला बसले. अक्षर मुंगीएवढं. चौदाव्या पानावर खोलीचं कलम आलं.

विम्यात खोलीच्या भाड्याला मर्यादा असते. कुणालाही वाटेल, महागडी खोली घेतली तर भाड्यातला वरचा फरक आपण भरायचा, बाकी कंपनी देईल. तसं नाही. इस्पितळ मोठ्या खोलीतल्या रोग्याला सगळंच मोठ्या दराने लावतं, सर्जनची फी, भूल देणाऱ्याची फी, ऑपरेशनच्या खोलीचं भाडं. म्हणून खोली मर्यादेच्या दुप्पट असली की कंपनी या सगळ्याचं निम्मंच देते. औषधं आणि तो धातूचा गुडघा तेवढे सुटतात.

तीनदा वाचलं. भिंग खाली ठेवलं. बटणांचा पलंग आठवला, पडद्यांच्या कडा, बाग. माहितीपुस्तक माझ्या विम्याचं होतं, तिच्या कंपनीचं नव्हे. पण खोलीला मर्यादा तिच्याही विम्यात असणारच! मार्चपासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं.

जिना चढले. दोन्ही मजले. मध्ये थांबून.

भाऊजी बाहेर गेले होते. धाकटी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

दारातूनच विचारलं, "तुझ्या विम्यात खोलीला मर्यादा होती का गं?"

"आधी बसा तर. केवढा दम लागलाय."

"होती का?"

"होती."

"मग कापले असतील पैसे."

"निम्मे," ती म्हणाली आणि टॉवेलची घडी केली.

मला हसू दाबावं लागेल असं वाटलं होतं. दाबायला काही आलंच नाही.

"कुठून भरलेस?"

"गाडीतून." मी समजले नाही असं वाटून तिने पुढे सांगितलं, "साठवलेले होते ना. एका परीने बरंच झालं, पांढरी की राखाडी हा प्रश्न सुटला."

"तुला आधी कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं की. दाखल होताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, दोघींची खोली घ्या, ती विम्यात बसते. ही घेतलीत तर वरचं तुमचं. मला वाटलं वरचं म्हणजे भाड्याचं वरचं. तेवढं देऊ म्हटलं. सगळ्यालाच कात्री लागते हे बिल आल्यावर कळलं."

"पण घेतलीस कशाला? चार-पाच दिवसांसाठी एवढी खिडकी हवी होती तुला?"

"खिडकी मी कुठे बघितली, ताई? माझी तिकडे पाठ होती."

खरंच होती. पलंगाचं तोंड दाराकडे होतं. खिडकी सोफ्यासमोर होती. बाग मी बघितली. ती तर दार बघत पडली होती.

"मग?"

ती उगाच एका उशीचा अभ्रा झटकत राहिली. "दोघींची खोली मी बघून आले होते. बघायला येणाऱ्याला तिथे स्टूल होतं. बिनपाठीचं. सासूबाईंच्या वेळी तुमचं काय झालं होतं ते मी बघितलंय. तुम्ही तर रोज येते म्हणाला होतात."

"नसते आले. काय बिघडलं असतं?"

"माझं बिघडलं असतं," ती म्हणाली. "शिकताना तुम्ही बाजूला असायचात ना? तुमच्या पायाशी ब्रेक आहे म्हटलं की मी कुठेही गाडी घालायचे. त्या दिवशी आत नेताना भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, भीती वाटते का? म्हटलं, नाही, बाहेर आमच्या ताई बसल्यात."

मी म्हटलं, "तू मूर्ख आहेस."

"हो. हप्ते भरून मूर्ख." आणि चहा टाकायला उठली. एका झटक्यात उठली, हात न टेकता.

मी चहाला थांबले नाही. जिना उतरले. उतरताना जास्त दुखतो.

१८ मे, सोमवार

सोफा किती उंच, पडदे कसे शिवलेले, सगळं याच वहीत आहे. वाचलं. पानं फाडली नाहीत. मी मोजत होते, तेव्हा भाडं चालू होतं.

२२ मे, शुक्रवार

वाटलं होतं, हेवा जाईल. गेला नाही. आता तिच्या मोठेपणाचा वाटतो. गुडघा घेतला, खोली घेतली, आणि चांगलं असणंही तिनेच घेऊन टाकलं. माझ्यासाठी बाईने काही ठेवलंच नाही.

३१ मे, रविवार

ती खाली आली नाही. मीच त्या दिवशी चहाला थांबले नव्हते, तेव्हा कुठल्या तोंडाने बोलवू?

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तरी म्हटलं ती एवढी महाग खोली घेते कशी. बसभाड्यातले सुट्टे परत मोजून घेणारी बाई."

मला हे का सुचलं नाही? तिच्या चिकटपणावर मी एवढी वर्षं हसत आलेय. त्या खोलीच्या दारातच मला कळायला हवं होतं.

७ जून, रविवार

विमावाल्याला बोलावलं. या वेळी त्याला पेनाने रेघा ओढू दिल्या नाहीत. मी विचारायचं, त्याने सांगायचं.

"खोलीला मर्यादा किती?"

त्याने सांगितली.

"आपल्या जवळच्या इस्पितळात त्यात कुठली खोली बसते?"

"दोघांची, मॅडम. एकट्याची हवी असेल तर हप्ता वाढेल."

"दोघांची चालेल. स्टूल चालेल."

"स्टूल?"

"तुम्ही लिहा."

दोघांचा मिळून घेतला. लहानसा. दोघांचे मिळून वर्षाला एकोणीस शिकाऊ. साखर सांगितली, गुडघा सांगितला, ह्यांनी लपवलेला रक्तदाबही मीच सांगितला. हे बघतच राहिले. कागदावर लिहून आलं, उजवा गुडघा पहिली तीन वर्षं सोडून. तोवर सरकारी नंबर लागेल. लागला नाही तर बघू. गुडघा मला माहीत आहे. जे माहीत नाही त्यासाठी विमा.

पण एकोणीस शिकाऊ. आणि गाडीवर कव्हर.

१० जून, बुधवार

गाडीचं कव्हर काढलं. बॅटरी उतरली होती. गॅरेजवाल्याला बोलावून चार्ज केली. काचा मीच पुसल्या.

संध्याकाळी धाकटी ऑफिसातून आली तशी जिन्याखालून हाक मारली. वर गेले नाही.

"शनिवारी सकाळी मोकळी आहेस?"

ती कठड्यावरून वाकली. "आहे, ताई."

"चपला घालून येऊ नकोस. बूट. आणि शिकाऊशी गप्पा मारायच्या नाहीत."

"नाही मारणार."

"नवा गुडघा आहे म्हणून जोरात दाबायचा नाही. आत बसलेल्यांची डोकी काचेला लागतात."

"बरं."

"बरं काय? शिकवायचंय तुला, तू बरं म्हणायचं नाही. समोरच्याने म्हणायचं."

ती हसली. मी दार लावून घेतलं.

चौघा शिकाऊंना फोन केले. चौघेही येतो म्हणाले. बँकवालीने विचारलं, "मॅडम, तुम्ही पण असाल ना?"

१३ जून, शनिवार

आज सकाळी फाटकाशी धाकटीच्या हवाली केलं ते असं. गाडीच्या किल्ल्या, दोन्ही. माझ्या बाजूचा जादा आरसा, काच पुसून. लाल अक्षराची पाटी, नवी दोरी लावून. चार शिकाऊ. बाजूचा ब्रेक, थोडा खाली गेल्याशिवाय धरत नाही, हे सांगून. सीटवरची उशी तिने घेतली नाही, "तुमच्या पाठीला मागे ठेवा" म्हणाली. ठेवली. मागे बसले, खिडकीपाशी.

तिच्याकडून मला मिळालं, काही नाही. घ्यायचं ते मार्चमध्येच, त्या सोफ्यावर बसून, घेऊन झालंय.